शेलापागोटे : निरोपाच्या सभेतील काव्यावतरणांचा विचार

शाळेचा शेवटचा वर्ग सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्णन एखाद्या काव्यपंक्तीने करावे, ही प्रथा महाराष्ट्रात ‘फिशपाँड’ अथवा ‘शेलापागोटे’ या नावाने रूढ आहे. स्नेहसंमेलनाच्या वा निरोपाच्या प्रसंगी चिठ्ठ्या एका पेटीत गोळा केल्या जातात. प्रत्येक चिठ्ठीवर विद्यार्थ्याचे नाव व त्याला उद्देशून निवडलेली कवितेची ओळ, म्हण किंवा गीताचा चरण असतो. निवेदक एकेक चिठ्ठी काढून सभेपुढे वाचतो. लिहिणाऱ्याचे नाव बहुधा अज्ञात राहते. विनोदाचा हा प्रकार वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु वाङ्मयातील उक्ती तिच्या मूळ प्रकरणातून उचलून जिवंत व्यक्तीवर आरोपित केली असता तिच्या अर्थाचे काय होते, हा काव्यशास्त्राचा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे.

प्रथेची दोन्ही नावे अर्थपूर्ण आहेत. ‘फिशपाँड’ म्हणजे माशांचे तळे. हाताला लागेल तो मासा बाहेर काढावा, तशी चिठ्ठी निघते. शेला आणि पागोटे ही विद्वानांच्या व मानकऱ्यांच्या सत्काराची वस्त्रे होत. थट्टेला सत्काराचे नाव दिल्यामुळे तीत व्याजस्तुतीचा सूर आपोआपच येतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी शालेय वार्षिकांतून विद्यार्थ्याच्या छायाचित्राखाली शेक्सपिअर वा पोप यांसारख्या कवींची ओळ छापण्याचा प्रघात होता, आणि ती ओळ पुष्कळदा संपादक विद्यार्थीच निवडीत. दोन्ही प्रथांचे बीज एकच आहे. भेद एवढाच की, तेथे ओळ छापली जाऊन टिकते, येथे ती उच्चारली जाऊन विरते. किंवा विरली नाही, तर टोपणनाव होऊन आयुष्यभर चिकटते.

संस्कृत साहित्यशास्त्रात या व्यापाराला सर्वांत जवळचा अलंकार म्हणजे अप्रस्तुतप्रशंसा, अर्थात अन्योक्ती. जगन्नाथ पंडिताच्या ‘भामिनीविलासा’तील अन्योक्तींत सिंह, भ्रमर वा वृक्ष यांना उद्देशून बोलताना मनुष्यच अभिप्रेत असतो. परंतु या दोन प्रकारांत एक मूलगामी विरोध आहे. अन्योक्तीत कवीचे नाव प्रकट असते आणि जिला बोल लागावयाचा ती व्यक्ती पडद्याआड राहते. शेलापागोट्यात हा क्रम नेमका उलटतो : लक्ष्य झालेली व्यक्ती नावानिशी सभेत बसलेली असते आणि बोलणारा पडद्याआड जातो. अन्योक्तीचा पडदा दुबळ्याला बलवंताविरुद्ध बोलण्याची सोय करून देतो. शेलापागोट्याचा पडदा बहुमताला एकट्याविरुद्ध बोलण्याची सोय करून देऊ शकतो. या प्रथेतील नैतिक जोखीम येथेच आहे.

या विचाराला बारामतीची भूमी विशेष उपयुक्त ठरते. कऱ्हेकाठच्या या गावी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे आयुष्य गेले. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या काव्यवेच्यांच्या संग्रहामुळे (१८५४) प्राचीन मराठी कविता शाळकरी पिढ्यांच्या परिचयाची झाली, आणि तीत मोरोपंतांच्या आर्यांना मानाचे स्थान होते. आर्या हे वृत्त अवतरणाला फार सोयीचे आहे. मोरोपंतांच्या बहुतेक आर्या वस्तुतः गीती आहेत, म्हणजे प्रत्येक अर्धात बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा. दोन ओळींत विधान पुरे होते, अंत्ययमक स्मरणाला आधार देते आणि कथाप्रवाहातून उचललेली आर्या स्वतंत्रपणे उभी राहते. नावावरील श्लेषाचा आदर्शही याच कवीने घालून दिला. मयूर या आपल्या नावावरून त्याने ईश्वराला घातलेल्या हाकांना मोराचा टाहो म्हटले, आणि ग्रंथ ‘केकावली’ झाला. मात्र हा श्लेष स्वतःवर केलेला आहे, हे विसरता येत नाही.

अवतरणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही मोरोपंतांच्या ‘आर्याभारता’तील विराटपर्वात एकत्र पाहावयास मिळतात. विराटपुत्र उत्तर अंतःपुरात पराक्रमाच्या वल्गना करतो. कौरवसेना दृष्टीस पडताच रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्याला धरून परत आणतो. बढाईखोर मुलाला उद्देशून या प्रसंगातील एखादी आर्या वाचली, तर प्रसंग जाणणारी सभा तत्काळ हसेल. कारण ओळीत न सांगितलेले पलायनही तिला ठाऊक असते. ओळीचा वाच्यार्थ वीरश्रीचा, व्यंग्यार्थ पळपुटेपणाचा, आणि त्या दोहोंमधील अंतर म्हणजेच हास्य.

परंतु कथा तेथे संपत नाही. तोच उत्तर त्याच दिवशी अर्जुनाचे सारथ्य करतो; पुढे भारतीय युद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना त्याला वीरमरण येते. अवतरण त्याला अंतःपुरात थांबवते, महाकाव्य मात्र त्याला रणापर्यंत नेते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाविषयी निवडलेली ओळ नेमके हेच करीत असते. ती त्याच्या एका क्षणाला स्वभाव ठरवते. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली; अकरावीनंतर येणारा शाळेचा निरोप तेव्हापासून एक वर्ष अलीकडे आला. ज्याचे वर्णन करावयाचे तो एका वर्षाने अधिक अपक्व झाला, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा प्रश्न सामायिक काव्यसंचयाचा. अवतरण सूचक ठरण्यासाठी बोलणारा, ऐकणारा आणि लक्ष्य या तिघांनाही मूळ प्रकरण ठाऊक असावे लागते. एकच वेचे पाठ करणाऱ्या वर्गात ही अट सहज पुरी होत असे. आज बारामतीची औद्योगिक वसाहत, तिच्या परिसरातील शिक्षणसंस्था, नीरेच्या कालव्याखालील उसाची गावे आणि इंदापूर तालुक्याचा जिराईत भाग येथील मुले एका बाकावर येतात. कोणाच्या घरी अभंग, कोणाच्या घरी ओव्या, तर कोणाच्या घरी अन्य भाषेतील गाणी असतात. सर्वांना समान असा संचय चित्रपटगीतांचाच उरतो. गीत कमी प्रतीचे म्हणून हानी होते असे नव्हे. प्रकरणाची ओळख सुटली की ओळ केवळ शब्दांच्या पृष्ठभागावर लागू करावी लागते, आणि पृष्ठभागावर सापडतात ती रंग, उंची, आडनाव, बोलण्याची ढब यांसारखी लक्षणे. ती विद्यार्थ्याने निवडलेली नसतात व त्याला बदलताही येत नाहीत. व्यंजना क्षीण झाली की थट्टा देहावर आणि जातीवर उतरते, ती याच मार्गाने.

यावरून उचित अवतरणाच्या तीन कसोट्या संभवतात. ओळ विद्यार्थ्याच्या कृतीला लागू पडावी, जन्माला वा देहाला नव्हे. तिचे मूळ प्रकरण सभेला ज्ञात असावे, जेणेकरून हास्य ज्ञानातून निर्माण होईल. आणि त्या प्रकरणात पात्राला पुढची वाट असावी. उत्तराची आर्या या तिसऱ्या कसोटीस उतरते, मात्र ती योजणाऱ्याला सारथी झालेला उत्तरही आठवत असेल तरच.

या चिठ्ठ्या सभेनंतर फेकून दिल्या जातात; त्यामुळे मराठी समाजात कोणती कविता खरोखर मुखोद्गत आहे याचा एक प्रांजळ पुरावा दरवर्षी नष्ट होतो. विद्यार्थ्यांची नावे वगळून ओळ, तिचा मूळ ग्रंथ, आरोपित गुण आणि सभेचा प्रतिसाद एवढी चार अंगे नोंदविली, तरी काव्याभिरुचीच्या अभ्यासाला पाठ्यपुस्तकांच्या याद्यांहून अधिक विश्वसनीय सामग्री उपलब्ध होईल. पाठ्यपुस्तक शिकविलेली कविता दाखविते. चिठ्ठी उरलेली कविता दाखविते.