करून बघ, मी आहे!

माझी लेक 2022 च्या सप्टेंबरात स्पेनमधल्या सालामांका शहरात शिकायला गेली. तिथलं विद्यापीठ 1218 सालचं, म्हणजे आठशे वर्षांचं जुनं. आम्ही कौतुकाने गावभर पेढे वाटले. पण महिन्याभरातच एका रात्री फोन आला. तिथे नऊ वाजलेले, आपल्याकडे साडेबारा. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर दहा मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलायचं होतं आणि पोरगी हमसून हमसून रडत होती.

मी आपली आईच! म्हटलं, "अगं, रडू नकोस, घाबरू नकोस. आणि नाहीच जमलं तर सरळ परत ये." ती गप्पच झाली. मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो हसतच. ती राहते त्या घरच्या मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी रडणं ऐकलं, हिला स्वयंपाकघरात बसवलं, दूध गरम करून दिलं आणि म्हणाल्या, "आनिमाते! इन्तेन्तालो!" मग सगळं भाषण स्वतःसमोर तीनदा म्हणून घेतलं. वर्गात ही दोनदा अडखळली, पण बोलली.

मी विचारलं, "हे आनिमाते म्हणजे काय गं?" तेव्हा तिने मला फोनवरच व्याकरण शिकवलं. 'आनिमा' म्हणजे हुरूप दे, 'ते' म्हणजे तुला. दोन्ही जोडून एकच शब्द, स्वतःला हुरूप दे, म्हणजे आपलं 'चल, घे मनावर!' तसंच 'इन्तेन्ता' म्हणजे प्रयत्न कर आणि 'लो' म्हणजे ते. इन्तेन्तालो, करून बघ. 'दीमेलो' या एका शब्दात तर सांग, मला आणि ते अशी तिघं बसलेली! लिहिताना एका स्वरावर छोटी तिरकी रेघ देतात, म्हणजे शेपूट कितीही लांबलं तरी बोलण्यातला जोर मूळ जागीच राहतो. वडीलधाऱ्यांना मात्र आनिमाते नाही, 'आनिमेसे' म्हणायचं. आपल्या तू आणि तुम्हीसारखंच.

"आणि आई, गंमत ऐक," ती म्हणाली, "कर म्हणताना हे 'ते', 'लो' क्रियापदाला मागून चिकटतात. पण नको म्हटलं की सुटे होऊन पुढे येतात. हार मानू नकोस म्हणजे 'नो ते रिन्दास'."

फोन ठेवला आणि मनात आलं, मी तिला लहानपणापासून काय म्हणत आले? पडशील, धावू नकोस. अंधारात जाऊ नकोस. घाबरू नकोस. सगळी 'नकोस'ची माळ! नंतर एकदा तीच म्हणाली, "आई, त्या रात्री तू परत ये म्हणालीस ना, तेव्हा मला जास्त रडू आलं. वाटलं, आईलाच खात्री नाही." पोटात कालवलं हो माझ्या. माझी माया खोटी नव्हती, पण तिने लेकीचे पाय मागे ओढले होते.

आमच्या बचत गटातल्या एक ताई कर्जाची चौकशी करायला बँकेत जायचं म्हटलं की म्हणायच्या, "तुम्हीच बोला, मला नाही जमायचं." मीही पदर खोचून पुढे व्हायची. त्यातच मला समाजकार्य वाटायचं! त्या महिन्यात मात्र म्हटलं, "ताई, तुम्ही बोलून बघा. मी शेजारी बसते." आदल्या दिवशी आमच्या ओट्यापाशी उभं राहून त्यांनी तीनदा तालीम केली. बँकेत आवाज कापत होता, पण व्याजदर किती आणि हप्ता केवढा, दोन्ही त्यांनी स्वतः विचारलं. बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

मैत्रिणींनो, आपल्या मराठीतही 'करून बघ', 'शिकून घे', 'बोलून टाक' असे किती छान शब्द आहेत! फक्त तेवढं म्हणून निघून जायचं नाही. त्या मालकीणबाईंसारखं दूध गरम करून समोर बसायचं. आज घरात कुणी कशाला बिचकत असेल, तर 'नकोस' गिळा आणि हे म्हणून बघा. आनिमेसे!