पेंग्विनच्या घरात जूनमध्ये अंधार का?

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या ‘सीवर्ल्ड’मध्ये जूनच्या भर दुपारी पेंग्विन पाहायला गेलात, तर आत मिणमिणता उजेड दिसेल. वीज वाचवण्याचा प्रकार नाही हा! अंटार्क्टिकावर जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि आतले दिवे तिथल्या ऋतूंप्रमाणेच कमी-जास्त होतात. थंडी, बर्फ यंत्रं देतात. पण पिसं कधी झडायची, अंडी कधी घालायची, याचा इशारा पेंग्विनच्या शरीराला दिवसाच्या लांबीतून मिळतो. उजेड चुकला की चक्रच बिघडतं. अंटार्क्टिकाबाहेर एम्परर पेंग्विनच्या प्रजननात पहिलं यश आलं ते ‘सीवर्ल्ड’लाच, १९८० मध्ये.

भायखळ्याच्या राणीबागेत मात्र असा बर्फ शोधू नका. तिथले हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना १६ ते १८ अंश पुरतात.