काडतूस भरताना – लेखांक ५ : पकड पुंगळीची, क्रिम्पची नव्हे

मागच्या लेखांकात रिकाम्या पुंगळ्या निवडून साफ कशा करायच्या ते पाहिलं. अमेरिकेत स्वतःची काडतुसं भरणाऱ्या नेमबाजांना त्यापुढे छळणारा प्रश्न असा: गोळी नीट बसत का नाही, आणि बसली तर टिकत का नाही? उदाहरण घेऊ .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचं.

रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडाला की धक्क्याने सिलिंडर झटक्यात मागे येतं. उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. पकड ढिली असेल, तर प्रत्येक बाराबरोबर त्या किंचित पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की बॅरलच्या कडेला अडते आणि सिलिंडर फिरतच नाही.

अशा वेळी अनेक जण क्रिम्प डाय, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आत दाबणारा साचा, आणखी खाली घेतात. हा उपाय अंगाशी येतो. जादा दाबामुळे पुंगळी तोंडाखाली फुगते, चेंबरमध्ये शिरत नाही, शिवाय तिची भिंत गोळीपासून सुटून पकड आणखी कमी होते.

खरी पकड त्याआधीच, सायझिंगमध्ये तयार होते. बाराने फुगलेली पुंगळी सायझिंग डाय पुन्हा गोळीपेक्षा बारीक करते. मग एक्स्पांडर तिचं तोंड रुंदावतो. घोळ बहुधा इथेच असतो. जॅकेटवाली गोळी ०.३५७ इंच, शिशाची साधारण ०.३५८ इंच. एक्स्पांडरची दांडी त्याहून एक-दोन हजारांश इंच तरी बारीक हवी. गोळी बसल्यावर तिच्या बुडाशी पुंगळीवर हलका उंचवटा दिसला तर घाबरू नका. ती चांगल्या पकडीची खूण आहे.

गोळी बसवताना शिशाचं बारीक कडं सोलून निघतंय? तोंड पुरेसं उमललेलं नाही. गोळी सरळ उभी राहील एवढंच ते उघडा. जास्त ताणलं तर पितळ लवकर चिरतं. क्रिम्प कुठे खोल, कुठे उथळ येतोय? पुंगळ्यांची लांबी सारखी नाही. कॅलिपरने मोजून छाटा. गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं दोन वेगळ्या फेऱ्यांत करा. क्रिम्प गोळीवरच्या खाचेतच यायला हवा. डाय जुळवताना दारू आणि प्रायमर नसलेलं नमुना काडतूस वापरा.

मग परीक्षा घ्या. एका काडतुसावर खूण करून त्याची लांबी मोजा, ते सिलिंडरमध्ये ठेवून बाकीची झाडा आणि ते पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते झाडू नका. एक्स्पांडरपाशी परत जा. गोळी मॅन्युअलमधल्या मापापेक्षा खोल गेली असेल, तरी ते काडतूस बाद करा. आतली जागा घटली की दाब धोकादायक वाढतो.

भारतातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं: १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.