कोरडी रिस्लिंग वाइन आणि मराठी आहार : आम्लतेच्या अंगाने एक विवेचन

बीजसंज्ञा : रिस्लिंग, आम्लता, शेष साखर, आहारसंगती

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव द्राक्षशेतीसाठी ओळखले जाते. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत तेथे १९९० च्या दशकात मृद व जलसंधारणाची कामे झाली आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मात्र ही द्राक्षे खाण्याची आहेत. वाइनच्या वाणांची लागवड झाली ती मुख्यतः नाशिक परिसरात, राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर. २००८-०९ च्या सुमारास मागणी घटली आणि अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. मंदी हे त्याचे तात्कालिक कारण होय. परंतु ही वाइन येथील कोणत्या पदार्थासोबत घ्यावी, याचा विचार धोरणात फारसा नव्हता, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. रिस्लिंग या जर्मन वाणाच्या आधारे तो विचार येथे केला आहे.

‘कोरडी’ म्हणजे काय? :
रिस्लिंगचा लिखित उल्लेख जर्मनीत १४३५ पासून आढळतो. तिच्या बाटलीवरील ‘ट्रोकन’ या शब्दाचा अर्थ ‘कोरडी’. द्रवाला कोरडे म्हणणे आपल्या कानाला विचित्र वाटते. येथे अर्थ इतकाच की द्राक्षातील बहुतेक साखर आंबताना संपली आहे. यासाठी दर लिटरला ४ ग्रॅम साखरेची मर्यादा आहे. तथापि आम्लता साखरेपेक्षा २ ग्रॅमहून अधिक कमी नसेल, तर ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते. म्हणजे ८ ग्रॅम साखर व ७ ग्रॅम आम्ल असलेली वाइनही कायद्याने कोरडीच. हे गणित आपल्या स्वयंपाकघराला नवे नाही. चिंच-गुळाच्या आमटीत गूळ असतो, पण तिला कोणी गोड म्हणत नाही. चिंचेतील प्रमुख आम्ल टार्टारिक आणि द्राक्षातीलही तेच, हा योगायोग लक्षणीय आहे.

आहारसंगती :
वाइनपेक्षा पदार्थ अधिक आंबट असेल तर वाइन निस्तेज लागते. रिस्लिंगची आम्लता मुळात जास्त असल्यामुळे ती चिंच-गुळाच्या अळूवडीपुढे टिकते. कोथिंबीर वडी, लोण्यासह थालीपीठ, तळलेले पापलेट यांचा तेलकटपणाही ती कापते. सुरळीच्या वडीसारख्या सौम्य पदार्थात तिचा फळांचा गंध झाकोळत नाही.

तिखटाचे मात्र वेगळे आहे. मिरचीतील कॅप्सायसिन आणि मद्यार्क जिभेवरील एकाच उष्णतासंवेदी ग्राहकाला चेतवतात. त्यामुळे ठेचा किंवा काळ्या मसाल्याचे मटण आणि १२-१३ टक्के मद्यार्काची कोरडी वाइन एकत्र आल्यास आग वाढते. मराठवाड्याच्या नेहमीच्या जेवणाशी कोरडी रिस्लिंग जुळत नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे. तेथे कमी मद्यार्काची, किंचित गोड ‘काबिनेट’ प्रकारची रिस्लिंग अधिक योग्य ठरते.

हवामानाची मर्यादा :
मोझेल खोऱ्यात, सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर, द्राक्षे शरद ऋतूत थंडावत्या हवेत पिकतात. नाशिक २० अंशांवर आहे. तेथे तोडणी जानेवारी ते मार्च या काळात, पारा चढत असताना होते आणि उष्णतेत मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. नाशिकच्या सुला कंपनीने रिस्लिंग बाजारात आणलेली आहे. अशा वाइनची आम्लता राखण्यासाठी तोडणी लवकर करावी, तर गंध पुरता उतरत नाही. थांबावे, तर अळूवडीतली चिंच वाइनवर मात करते.