काळा पडदा दिसला म्हणून फॉरमॅट मारू नका

रिसर्चला लागलात की लिनक्सशी गाठ पडतेच. खोडदच्या जीएमआरटीचा रेडिओ डेटा असो की उसाच्या शेतांची उपग्रहचित्रं, बरीचशी सॉफ्टवेअर तिथेच नीट चालतात. आता समजा, तुम्ही सणसरला घरी बसून थिसिसचं काम करताय. लाईट गेली, आली, आणि डेस्कटॉपऐवजी नुसता काळा पडदा! कोणीतरी लगेच म्हणेल, "फॉरमॅट मारून टाक." थांबा.

लिनक्समध्ये खिडक्या आणि चित्रं दाखवणारा भाग मूळ सिस्टमपासून वेगळा असतो. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो सिस्टम अशीच आहे. आज अनेक ठिकाणी तिच्या जागी वेलँड आलंय. त्यामुळे पडदा काळा असला तरी आतली सिस्टम बऱ्याचदा जिवंत असते आणि तुमच्या फाइल्स डिस्कवर तशाच असतात.

मग काय करायचं?

१. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. अक्षरी लॉगिन आलं तर आत शिरा आणि आधी थिसिस पेनड्राइव्हवर कॉपी करा.

२. 'डीएफ' कमांडने डिस्क बघा. जागा संपली असेल तर पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचाच पडदा परत येतो. पुन्हा तयार करता येतील अशाच फाइल्स काढा. मूळ डेटाला हात लावू नका.

३. होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी फाइल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. सुडो लावून डेस्कटॉप सुरू केला असेल तर ती रूटच्या नावावर जाऊ शकते. 'चाऊन'ने परत तुमच्या नावावर करा.

४. एक्सऑर्गच्या लॉगमध्ये कंसात दोन ई असलेल्या ओळी शोधा. त्या म्हणजे एरर. 'नो स्क्रीन्स फाउंड' वाचून लगेच मॉनिटरची वायर हलवत बसू नका; बहुतेक वेळा ड्रायव्हर किंवा सेटिंग जुळलेलं नसतं. बिघाड अपडेटनंतर लगेच झाला असेल तर बूट मेनूतून जुना कर्नल निवडून बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पडदा उजळला, तर नेमकं कशामुळे ते कळणार नाही. प्रयोगशाळेतही नियम हाच आहे.