अंतःस्थापित प्रणालींवरील कंपायलर-चाचणी : निकालाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

प्रस्तावना : सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतील यंत्रांत मायक्रोकंट्रोलर सर्रास आढळतात. त्यांची आज्ञावली संगणकावर तयार होते, चालते मात्र वेगळ्या चिपवर. कंपायलरने चुकीची यंत्रभाषा निर्माण केल्यास निर्दोष आज्ञावलीही यंत्र बिघडवू शकते. म्हणून कंपायलरची चाचणी प्रत्यक्ष चिपवर घ्यावी लागते. महाराष्ट्राला हे क्षेत्र अपरिचित नाही. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसासच्या एसएच व एच८ मालिकांसाठी जीएनयू साधनसंच विनामूल्य उपलब्ध करून दिले होते.

चाचणीचे स्वरूप : जीसीसी कंपायलरच्या कार्यान्वयन-चाचण्यांत चूक आढळल्यास प्रोग्राम 'अबॉर्ट' करतो, अन्यथा शून्य हा संकेत देऊन संपतो. परंतु ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या बोर्डावर हा संकेत स्वीकारणारे कोणी नसते. म्हणून डेजाग्नू ही चाचणी-प्रणाली प्रोग्रामला एक वेष्टन जोडते. ते निर्गम-संकेत अक्षररूपात छापते व यजमान संगणक तो वाचतो.

दोषाची विभागणी : येथेच संदिग्धता निर्माण होते. मुदतीत उत्तर न आल्यास जीसीसीच्या संचात चाचणी 'अनुत्तीर्ण' ठरते. मुदत संपल्याचा इशारा केवळ नोंदीत राहतो. एक प्रोग्राम अडकला आणि बोर्ड रीसेट झाला नाही, तर पुढील निर्दोष चाचण्याही अनुत्तीर्ण होतात. स्मृतिसंरक्षण नसल्यास मोठ्या स्थानिक ॲरेमुळे स्टॅक इतर डेटावर चढतो. एच८ वर 'इंट' सामान्यतः 16 बिटांचा असल्याने त्यात 70000 ही संख्या मावत नाही. यांपैकी एकही दोष कंपायलरचा नव्हे.

उपाय : प्रत्येक चाचणीपूर्वी बोर्ड रीसेट करावा व सिरियल पोर्टमधील जुना मजकूर काढून टाकावा. स्टॅकची मर्यादा बोर्डाच्या वर्णन-फाइलमध्ये घोषित करावी. 32 बिटी 'इंट' गृहीत धरणाऱ्या चाचण्या 'असमर्थित' म्हणून वगळाव्यात. संशयास्पद चाचणी सिम्युलेटरवरही चालवावी : दोन्हीकडे अपयश आल्यास कंपायलर वा लायब्ररी तपासावी; केवळ बोर्डावर आल्यास प्रथम जोडणी व स्मृतिरचना तपासावी.

निष्कर्ष : अकारण अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचण्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते आणि त्यांच्या गर्दीत खरा दोष निसटतो. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगवहीत निकालासोबत कंपायलरची आवृत्ती, पर्याय, बोर्ड व लिंकर स्क्रिप्ट यांची नोंद अनिवार्य असावी. तोच प्रोग्राम पुन्हा चालवून तोच निकाल मिळाला, तरच त्यावरून कंपायलरविषयी अनुमान काढणे युक्त ठरेल.