फूल रेषेवर पडलं तर आतच!

सुदुंबऱ्यासारख्या मावळातल्या गावात विहारापुढची मोकळी जागा असते. तिथं मुलं बॅडमिंटन खेळतात आणि मुलींना सांगतात, "तुम्हाला नियम कुठं माहीत?" मग नियमच शिकून घेऊ या. हा खेळ इंग्रज अधिकारी पुण्याच्या छावणीत खेळत, तेव्हा त्याचं नावच 'पूना' होतं!

चुन्यानं 44 फूट लांब, 20 फूट रुंद चौकट आखा. एकेरीसाठी रुंदी 17 फूट. जाळी मधोमध 5 फूट उंच. जाळीपासून दोन्ही बाजूंना साडेसहा फुटांवर आडवी रेषा. सर्व्हिस तिच्या पलीकडं, समोरच्या तिरप्या चौकोनात पडली पाहिजे. आपला गुण शून्य किंवा सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून सर्व्हिस. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, रेषेला न लागलेले. मारताना फूल 1.15 मीटरच्या, म्हणजे सुमारे पावणेचार फुटांच्या खाली हवं.

भांडण होतं ते दुहेरीत. मागचा अडीच फुटांचा पट्टा फक्त सर्व्हिसला बाद. पुढच्या खेळात तो आत. रेषेवर पडलेलं फूलही आतच.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. साखर, रक्तदाब असलेल्या बायांनीही डॉक्टरांना विचारून खेळावं. आधी घोटे, खांदे मोकळे करा. ओल्या फरशीवर खेळू नका. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.